काळं तेल आणि नानांची चिंधी

गाडी सर्व्हिसिंगला दिली की गॅरेजमधला माणूस दरवेळी विचारतो, "तेल साधं घालू की सिंथेटिक?" माझा नवरा लगेच माझ्याकडे बघतो. गाडी तो चालवतो, तिचे हप्तेही त्यानेच फेडले, पण या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचा मान आमच्या घरात माझ्याकडे आहे. खरं तर मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. हिराजीनाना भोईरांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून मी हा प्रश्न एक अख्खा उन्हाळा ऐकला, आणि तेवढ्या शिदोरीवर माझं आजवर चाललंय.

नाना कोन गावचे. भिवंडी-कल्याण रस्त्याला लागून त्यांचं घर होतं आणि लग्नानंतर आम्ही त्या घराच्या माडीवर भाड्याने राहिलो. खोल्या बघायला गेलो त्या दिवशी खोल्यांचं कौतुक सांगायचं सोडून या गृहस्थाने खिशातून पांढऱ्या कापडाची एक चिंधी काढली, खिडकीच्या गजावरून फिरवली आणि काळी झालेली ती चिंधी आमच्या नाकासमोर धरली.

"बघून घ्या. रस्त्याची धूल हाय. रोज पुसा, रोज बसंल. मंग बोलू नका का नाना बोलला न्हाय."

स्वतःच्या खोल्यांची खोड स्वतःच काढून दाखवणारा घरमालक आम्ही आधी पाहिला नव्हता. नवऱ्याने तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. मला मात्र त्या चिंधीची जरा धास्तीच वाटली, कारण उद्या हे आमच्या स्वयंपाकघरात आले तर काय, हा विचार माझ्या मनात आधी आला.

नाना उंच, हडकुळे, कायम पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यात. सदऱ्याचा उजवा खिसा नेहमी फुगलेला, कारण त्यात चिंध्यांची घडी. रुमाल त्यांनी कधी वापरला नाही. बोलणं आगरी, त्यामुळे त्यांच्या तोंडी गाडीची गारी व्हायची आणि काळ्याचं काला. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणत आणि माझ्या नवऱ्याला 'साहेब'. साहेब म्हणताना चेहरा असा ठेवत की माझ्या नवऱ्याला शर्टाचं बटण तर तुटलेलं नाही ना, असं वाटावं.

चिंधीचं मूळ घरामागच्या शेडमध्ये होतं. तिथे नानांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. दिवसरात्र खटखट चाले आणि आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली की वीज जाऊन तो थांबला की झोपेतून जाग येई. लुमाला जे तेल लागतं ते पातळ आणि पाण्यासारखं स्वच्छ. ते काळं झालं, त्याचा थेंब कोऱ्या कापडावर उडाला की ताग्यावर डाग पडला, आणि डागाचा तागा व्यापारी तोंडावर परत फेकणार. म्हणून पाळी बदलली की नाना शेडमध्ये शिरत आणि प्रत्येक लुमाच्या सांध्यांवरून चिंधी फिरवत. चिंधी पांढरी राहिली तर पुढे. काळी झाली तर लूम बंद, आधी साफ करा. कारागीर सगळे उत्तरेकडचे. ते म्हणत, "नाना, दो मिनट पहले तो पोंछा है." नाना चिंधी दाखवत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चिंधीला कोनाची भीड न्हाय."

ही सवय शेडपुरती राहिली असती तर काही बोलायचं कारण नव्हतं. पण नाना चिंधी घेऊन जगात हिंडत. नाक्यावरच्या हॉटेलात चहाचा ग्लास आधी पुसून बघत. त्यामुळे नाना लांबून दिसले की हॉटेलवाला एक ग्लास गरम पाण्याने विसळून वेगळा काढून ठेवी. लग्नाच्या मांडवात खुर्ची पुसून मगच बसत. एकदा गावात मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याने नानांचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ हलवला. तो पुढे गेल्यावर नानांनी खिशातून चिंधी काढली, तळहात पुसला, चिंधीकडे नीट बघितलं आणि ती खिशात ठेवली. काय निघालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

या माणसाला धरून राहायची ताकद एकट्या नानीत होती. नानी म्हणजे ताराबाई. बुटकी, ठसठशीत, बोलायला फटकळ. नाना चिंधी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की ती हातातलं उलथणं वर करी. "हितं न्हाय," एवढंच म्हणे. नाना मागे फिरत. माझं स्वयंपाकघरही त्याच हुकमाखाली सुरक्षित राहिलं, त्याबद्दल मी नानीची जन्माची ऋणी आहे.

त्यांच्या लेकीच्या, सुनंदाच्या लग्नाची गोष्ट मी नानीच्या तोंडून ऐकली. स्थळ वडपे गावचं होतं. मुलगा मंगेश, तिथल्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर, घरची थोडी जमीन. मंडळी घर बघायला गेली. बाकीच्यांनी घर बघितलं, विहीर बघितली, मुलाची आई कशी बोलते ते बघितलं. नाना अंगणात मंगेशच्या मोटारसायकलपाशी गेले, इंजिनातलं तेल बघायची काडी काढली आणि चिंधीवर पुसली. चिंधी काळीकुट्ट. नानांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि आत येऊन पोहे खाल्ले.

घरी आल्यावर म्हणाले, "पोर आलशी हाय. तेल बदलत न्हाय. ज्याला फटफटी सांभालता येत न्हाय, तो माजी पोर काय सांभालील?"

नानी म्हणाली, "तुमी तेल बघला, मी पोराला बघला. आईला पानी दिल्याबिगर सोता पेला न्हाय. माजा ठरला."

लग्न झालं. सुनंदा सुखात होती, दर सणाला येई आणि भरल्या हातांनी परत जाई. पण जावई हा नानांच्या लेखी डाग पडलेला तागाच राहिला. वागण्यात कुठे उणं नाही, मानपान सगळं व्यवस्थित, फक्त मंगेश निघायला उठला की नाना त्याच्या मोटारसायकलकडे एकदा बघत आणि सुस्कारा सोडत.

पुढे लुमांचे दिवस फिरले. सगळ्या भिवंडीत तेव्हा हीच रड होती. नानांनी लूम भंगारात काढले आणि शेड कुणाला तरी माल ठेवायला भाड्याने दिली. खटखट थांबल्यावर पहिले काही दिवस नाना घरातल्या घरात हरवल्यासारखे फिरत होते. मग एक दिवस त्यांनी जुनी पांढरी मोटार आणली, आणि त्यांची चिंधी पुन्हा कामाला लागली.

गाडी जाऊन जाऊन कुठे जाणार, तर देवळात, लग्नाला, नाहीतर वळ गावाला, नानीच्या माहेरी. तरी नाना दर रविवारी बॉनेट उघडत, तेलाची काडी काढत आणि चिंधीवर पुसत. तेल मधासारखं दिसलं की खूश. जरा कुठे चहाच्या रंगावर गेलं की राजनोली नाक्यावर रशीदभाईच्या गॅरेजमध्ये गाडी उभी. रशीदभाई मूळ आझमगढकडचा, भिवंडीत मुरलेला मेकॅनिक. तो कपाळाला हात लावी. "नाना, तेल अभी जवान है. क्यों निकलवा रहे हो?" पण नाना ऐकत नसत. काढलेलं तेल डब्यात भरून घरी आणत आणि वाळवी लागू नये म्हणून दारं-खिडक्यांच्या चौकटींना लावत. त्या घराच्या चौकटींनी जेवढं इंजिन ऑइल प्यायलं असेल, तेवढं त्या गाडीने प्यायलं नसेल.

अशात एका हिवाळ्यात नानीच्या छातीत गाठ निघाली.

हे वाक्य लिहायला आजही मला जड जातं. नानीने ती गाठ बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. सांगितली तीही मला, जिन्यात, भाजी निवडता निवडता. मी सुनंदाला फोन केला आणि मग सगळं भराभर झालं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. गाठ वाईट होती, पण वेळेत सापडली होती. डॉक्टरांनी सांगितलं की आता काही आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागेल, शनिवार-रविवार सोडून रोज यायचं. आणि नानांकडे बघून म्हणाले, "मध्ये खाडा करायचा नाही. रोज म्हणजे रोज."

नानीला गर्दीत धक्का लागून चालणार नव्हतं. भाड्याची गाडी रोज सकाळी वेळेवर येईल याचा नानांना भरवसा नव्हता. म्हणजे पांढरी गाडीच. कोनहून राजनोली, माणकोली, खारेगाव, ठाणे आणि पुढे मुंबई. गोडाऊनांचे कंटेनर रस्त्यात आडवे पडलेले, गाडी तासभर जागच्या जागी घुरघुरत उभी, वर मार्चचं ऊन. देवळापर्यंत जाणारी गाडी आता रोज असल्या रस्त्यावर निघणार होती. मी ठाण्याच्या एका कचेरीत नोकरीला होते, तेव्हा नाना म्हणाले, "बाय, तू बी बस. नानीला बोलाया कोन तरी पायजे." तशी मी मागच्या सीटवर नानीशेजारी बसू लागले आणि तीन हात नाक्याला उतरू लागले.

तेलाचा प्रश्न तेव्हा उभा राहिला. मंगेश ज्या गोडाऊनात होता तिथे तेलाच्या कंपन्यांचा माल येई. तो म्हणाला, "मामा, रोजची एवढी ट्रॅफिक हाय, इंजिन तापणार. साधा तेल पातळ पडतो. आता सिंथेटिक घाला. गरमीत टिकतो." सिंथेटिक हा शब्द नानांनी कापडाच्या धंद्यात ऐकलेला, आणि तिथे त्याचं त्यांच्या मनात फारसं चांगलं नाव नव्हतं. ते रशीदभाईकडे गेले. रशीदभाई म्हणाला, "नाना, गाड़ी पुरानी है, बरसों से सादा तेल पी रही है. नया तेल अंदर का सब मैल उखाड़ेगा, सील में से टपकेगा. जो चल रहा है, चलने दो." आता दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि नानांना नेमका त्याचाच त्रास झाला.

त्यांनी विचारायला कुणाला सोडलं नाही. पेट्रोल पंपावर विचारलं. शाळेच्या हेडमास्तरांना विचारलं, ते सायकलवर फिरत. वळहून नानीचा भाऊ तिची खबर घ्यायला आला, त्याला बहिणीची तब्येत सांगायच्या आधी तेलाचं विचारलं. एवढ्यावर भागलं नाही, तेव्हा एक दिवस नानीचा शेक झाल्यावर त्यांनी थेट डॉक्टरांनाच गाठलं. नानीने दुसऱ्या दिवशी गाडीत मला हे हसत हसत सांगितलं. डॉक्टरांना वाटलं, काकांना आजाराबद्दल काही विचारायचंय, म्हणून त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. नानांनी विचारलं, "साहेब, साधा बरा का सिंथेटिक?" डॉक्टर आधी गोंधळले. मग म्हणाले, "काका, कुठलंही घाला. तुम्ही यांना रोज वेळेवर आणताय ना, माझं काम झालं."

"तवापासून ह्यांना झोप न्हाय," नानी म्हणाली. "डॉक्टरनं बी सांगला न्हाय."

नाना स्टिअरिंगवरून मागे न बघता म्हणाले, "हसू नका. गारी बंद परली तर शेक चुकंल. शेक चुकला तर?"

तेलाच्या नावाखाली ते कशाला भीत होते, ते मला तेव्हा स्वच्छ कळलं. आजारापुढे त्यांच्या हातात काहीच नव्हतं. गाडी मात्र त्यांच्या हातात होती.

शेवटी त्या शनिवारी मंगेश स्वतःच टेंपोतून सिंथेटिकचा सीलबंद डबा घेऊन आला. साध्याच्या कितीतरी पट महाग. आता नवीनच पंचाईत झाली, कारण लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं कसं? नाना डब्याकडे बघत ओटीवर बसून राहिले. आतून नानीचा आवाज आला, "घ्या तो डबा. आनि भाताचा गोना टाका त्येंच्या टेंपोत. फिटला." घरच्या शेतातला तांदूळ आणि सुक्या बोंबलांची एक जुडी वडप्याला गेली, आणि तेल कोनला राहिलं. मंगेशने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. सासऱ्याला तो नीट ओळखून होता.

रशीदभाईने कुरकुरत जुनं तेल काढलं आणि नवं घातलं. "मैं डाल देता हूँ. लेकिन बाद में मेरे को मत बोलना."

आणि गाडी काय सुंदर चालायला लागली. आवाज मऊ झाला. माणकोलीच्या कोंडीत इंजिनाच्या तापाचा काटा वर चढायचा तो जागेवर राहिला. नाना पहिल्यांदाच गाडी चालवताना गुणगुणले. नानीने मला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनी पुढे दाखवलं. थेंब गळतो का ते बघायला नानांनी रात्री गाडीखाली कोरं कापड पसरून ठेवायला सुरुवात केली होती. सकाळी त्यावर एखाद-दुसरा ठिपका सापडे. रशीदभाई अगदीच चुकीचं बोलला नव्हता. पण तेवढं नानांनी पोटात घातलं.

मग रविवार आला. नव्या तेलाच्या धावपळीत आधीचा रविवार चुकला होता, म्हणून नाना सकाळीच बॉनेट उघडून उभे राहिले. मी माडीवर कपडे वाळत घालत होते. त्यांनी काडी काढली, चिंधीवर पुसली आणि तसेच उभे राहिले. इतका वेळ हलले नाहीत की मी खाली आले. चिंधीवर काजळ ओतल्यासारखा डाग होता. इतकं काळं तेल त्या गाडीतून कधीच निघालं नव्हतं.

"फसवला," नाना हळूच म्हणाले. "जावायानं फसवला, बाय. फटफटी बघितली तवाच मना कलला व्हता."

मी म्हटलं, रशीदभाईला दाखवू. पण रशीदभाई त्या दिवशी कल्याणला कुणाच्या लग्नाला गेला होता आणि सोमवारी त्याचं गॅरेज उघडायच्या कितीतरी आधी आम्हाला निघावं लागे. नानांनी मला बजावलं, "नानीला बोलू नको." दिवसभर ते अंगणात येत, काडी काढत, नवी चिंधी घेत. चिंधी दरवेळी काळीच. संध्याकाळी सुनंदाचा फोन आला तर म्हणाले, काम हाय, आईशी बोल.

सोमवारी आम्ही निघालो. नानांनी खिडकीची काच खाली ठेवली होती, इंजिनाचा आवाज ऐकायला. गुणगुणणं नाही, बोलणं नाही. माणकोलीला नेहमीसारखे अडकलो. दोन्ही बाजूंनी कंटेनर, मध्ये आमची पांढरी डबी. नानांच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात चिंधी. मीही खरं सांगते, मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. खारेगावचा पूल ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली आणि उतरून बॉनेट उघडलं.

नानी म्हणाली, "काय झाला ह्यांना? कालपासून तोंड शिवला."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या बाजूची काच खाली केली आणि हाक मारली, "आवो. हिकरं या."

नाना आले, हातात चिंधी. लपवायचा त्यांचा बेत तिथेच संपला. "तेल काला झाला," ते म्हणाले. "सगला काला. इंजिन कवा बी बसंल. तुजा शेक..." त्यांचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता.

नानीने ती चिंधी हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली. मग डाव्या हाताने तिने गळ्याजवळचा पदर जरा बाजूला केला. शेक घेऊन घेऊन तिथली कातडी जळकट काळी पडली होती. मी ते रोज बघत होते. नानाही बघत असणार.

"ह्यो बघा," ती म्हणाली. "मी बी घाबरले व्हते. डॉक्टर काय बोलला? काली परनारच, मावशी, आत काम चालू हाय म्हनून काली परतं, मंग उतरंल. त्याचा ऐकताव ना? मंग तेलाचा बी तसाच आसंल. काम करतंय म्हनून काला झाला. निसता देवलात जानाऱ्या गारीचा तेल साफच राहनार."

नाना तिच्या गळ्याजवळच्या त्या काळ्या डागाकडे बघत उभे होते. बाजूने ट्रक जात होते. नानीने हात बाहेर काढला आणि त्यांच्या कपाळावरचा घाम त्याच चिंधीने पुसला. तेलाचा एक लांब काळा पट्टा त्यांच्या कपाळावर उमटला. तिला तो दिसला, मलाही दिसला, पण आम्ही दोघी काही बोललो नाही.

"चला," ती म्हणाली. "उशीर व्हतंय."

इंजिन बसलं नाही. मी तीन हात नाक्याला उतरले, ते दोघं पुढे गेले आणि शेक वेळेवर झाला. कपाळावरचा पट्टा हॉस्पिटलात सगळ्यांनी बघितला आणि आजारी माणसाच्या नवऱ्याला काय सांगायचं म्हणून कुणी बोललं नाही. तो घरी आल्यावर नानांना आरशात दिसला. त्या रात्री नानी इतकी हसली की टाक्यांची जागा दुखेल म्हणून मला तिला आवरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी परत येताना नाना रशीदभाईकडे थांबले. रशीदभाईने काडी बघितली, बोटावर तेल चोळून बघितलं आणि म्हणाला, "काला तो होगा ही, नाना. अंदर बरसों का मैल है, सब साथ में ले रहा है. ये तो अच्छा है. साफ रहता तो मैं डरता." मग जरा थांबून त्याने हेही कबूल केलं, "दामाद ने चीज़ सही दी है."

नाना तिथून घरी आले नाहीत. नानी गाडीत थकून डोळे मिटून बसली होती, तिला विचारून त्यांनी गाडी तशीच वडप्याला नेली. मंगेश नुकता ड्युटीवरून आला होता. पुढचं मला सुनंदाने सांगितलं. नाना अंगणात गेले, मंगेशच्या मोटारसायकलवर हात ठेवला आणि म्हणाले, "जावाय, ही रोज किती चालत व्हती, लगनाच्या आधी?" मंगेश म्हणाला, "रोज गोडाऊनला, मामा, आनि आईला दवाखान्यात न्यायला." नाना म्हणाले, "मना तवा ह्या विचाराया पायजे व्हता." एवढंच. मंगेशला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण सुनंदा आत जाऊन रडली, आणि मला सांगतानाही पुन्हा रडली.

शेकाचे उरलेले आठवडे पार पडले. एकही खाडा झाला नाही. शेवटच्या दिवशी नानांनी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर गाडीला नारळ फोडला आणि तो रखवालदारापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना वाटला. मला तर इतकं हलकं वाटत होतं की त्या दिवशी मी कचेरीला दांडी मारून त्यांच्याबरोबर गेले होते.

पुढच्या वेळी तेल बदलायची वेळ आली तेव्हा नाना कुठलं घालणार याची मला उत्सुकता होती. त्यांनी साधं घातलं. मी विचारलं तर म्हणाले, "रोज मुंबई व्हती तवा त्याचा काम व्हता. आता देवल आनि वल. तेवढ्याला साधा बस हाय, सीलातून थेंब बी गलत न्हाय. तेल चांगला-वाईट नसते, बाय. गारी कुठं जायाची हाय ता बघायचा." गॅरेजवाल्याला मी आज जे उत्तर देते ते एवढंच आहे. आधी मी नवऱ्याला विचारते, येत्या वर्षात आपण कुठे कुठे जाणार आहोत.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही कोन सोडलं. सामान टेंपोत चढत होतं त्याच दिवशी नानीची तपासणी होती, वर्षभरानंतरची मोठी. दोघं सकाळीच मुंबईला गेले होते. सामान भरून झालं, दोऱ्या बांधून झाल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, तरी मी काही ना काही कारण काढून थांबले होते. नवऱ्यालाही ते कळत होतं. तो टेंपोच्या मागे जाऊन बांधलेल्या दोऱ्या पुन्हा बांधत बसला.

पांढरी गाडी रस्त्यावरून आत वळली तेव्हा मी आधी नानीचा चेहरा बघितला. तिने खिडकीतूनच हात हलवला. "साफ हाय," ती म्हणाली. "डॉक्टर बोलला, जा, नातवंडा खेलवा." मी तिला धरून रडले, आणि त्या रडण्यात मला एवढं बरं वाटलं की ते सांगता येणार नाही. तिच्या गळ्याजवळची कातडी पुन्हा पहिल्यासारखी गव्हाळ झाली होती.

नानांनी उतरल्या उतरल्या सवयीने बॉनेट उघडलं, काडी काढली आणि खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. ते दुसरा खिसा चाचपायला लागले.

"माज्याकडं हाय," नानी म्हणाली. वाटेत ठाण्याला घेतलेले पेढे तिने नानांच्या चिंधीत बांधून घेतले होते. तिने गाठ सोडली आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला, एक नवऱ्याच्या. पेढ्यांचं तूप सुटून कोऱ्या पांढऱ्या कापडावर मोठा पिवळट डाग पसरला होता. नाना हातात काडी घेऊन जवळ आले आणि त्या डागाकडे बघत राहिले. नानीही त्यांच्याकडे बघत होती, काय बोलतात म्हणून.

"डाग परू दे," नाना म्हणाले. काडी त्यांनी न पुसताच जागेवर घातली आणि पेढ्यासाठी हात पुढे केला.